एक किडनी काढल्यावर उरलेली किडनी कशी काम करते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी लॅबमध्ये काम करतो. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवरच विचारतात, कारण मोठ्या डॉक्टरांसमोर बोलायचं राहून गेलेलं असतं आणि मुंबई-कोल्हापूरला परत जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. त्यात माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाला किडनी दिलीय, त्यामुळे हे प्रश्न आमच्या घरातपण कायम असतात. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती, बंद करायची की चालू ठेवायची, हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनेच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरनेच सांगायचं. पण आतमध्ये नक्की काय चालतं आणि आपल्याकडच्या राहणीत कुठे जपायचं एवढं माहीत असलं तरी बरीच भीती जाते, आणि जिथे खरंच घाबरायला हवं तिथे माणूस वेळेत हलतो.

एक किडनी काढली म्हणजे काम निम्म्यावर आलं ना?

पहिले एकदोन दिवस साधारण तसंच असतं, नंतर नाही. एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात, लघवी होते ती फक्त दीड-दोन लिटर. एक किडनी गेली की त्या दहा लाख गाळण्या गेल्याच, त्या परत येत नाहीत. पण उरलेल्या किडनीकडे जास्त रक्त वळतं आणि तिच्यातली प्रत्येक गाळणी पहिल्यापेक्षा जास्त गाळायला लागते. हे ऑपरेशननंतर लगेच सुरू होतं, बराचसा बदल पहिल्या काही आठवड्यांतच होऊन जातो. त्यामुळे तब्येतीने चांगल्या माणसाची एक किडनी काढली तर एकूण काम ५० टक्क्यांवर न थांबता आधीच्या साधारण ६५-७० टक्क्यांवर येऊन स्थिरावतं. आणि शरीराला रोजचा कारभार चालवायला तेवढं पुरतं.

सोनोग्राफीत किडनी मोठी झालीय असं लिहिलंय. सूज आहे का?

आईच्या रिपोर्टवर पण हेच होतं. उजवी किडनी १२.१ सेंटीमीटर, खाली 'कॉम्पेन्सेटरी हायपरट्रॉफी', आणि त्याच्या वर 'डावी किडनी दिसत नाही'. मावशीने ते वाचून दुपारभर रडून घेतलं. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटीमीटर असते, एकटी राहिलेली त्याहून थोडी मोठी होते. नवीन नेफ्रॉन तयार होत नाहीत, ते जन्माच्या आधीच बनून संपलेले असतात. आहेत त्याच गाळण्या आणि त्यांना जोडलेल्या नळ्या जाड होतात, लांब होतात. ही वाढ काही महिने चालते आणि तरुण माणसात जास्त होते. म्हणजे जे लिहिलंय ते चांगलंच लिहिलंय. सूज वेगळी असते, लघवी अडून किडनी फुगते तिला रिपोर्टवर 'हायड्रोनेफ्रोसिस' लिहितात. तो शब्द दिसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.

रिकाम्या जागेत काय होतं?

काही नाही. आतडी आणि चरबी सरकून ती जागा भरून निघते. वळताना काहीतरी हललं असं पहिले काही महिने काहींना वाटतं, ते टाक्यांच्या आतल्या भागाचं असतं.

ऑपरेशनआधी क्रिएटिनिन ०.८ होतं, आता १.१ आलंय. किडनी खराब होतेय का?

काउंटरवरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा कचरा, तो किडनी बाहेर टाकते. गाळण्या कमी झाल्या की रक्तात त्याची पातळी थोडी वर जाते आणि तिथे नवीन तोल धरते. ०.८ चं १.१ किंवा १.२ होणं हे एक किडनी काढलेल्या माणसात अपेक्षितच आहे आणि ते परत ०.८ होईल म्हणून वाट बघायची नसते. तुमचा नवीन आकडा हाच, एवढं समजा.

बघायचं ते हे की तो आकडा तिथे टिकतो का. यावर्षी १.१, पुढच्या वर्षी १.१, त्यानंतर १.२, ठीक आहे. पण १.१ वरून १.३ आणि मग १.६ असा चढत गेला तर प्रत्येक आकडा 'थोडासाच जास्त' दिसत असला तरी ती गोष्ट गंभीर आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की नुसता आजचा कागद घेऊन जाऊ नका, जुने सगळे घेऊन जा. आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की पॉइंट एक-दोन तसाही इकडेतिकडे होतो. आदल्या रात्री मटण दाबून खाल्लं असेल, उन्हात पाणी न पिता फिरून आला असाल, तरी आकडा वर दिसतो. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईचं १.१ आणि भरलेल्या अंगाच्या खलाशाचं १.१ हे एक नाही, स्नायू कमी तर क्रिएटिनिन कमीच बनतं, तेव्हा तिच्यात तोच आकडा जास्त काळजीचा. यासाठीच हल्ली रिपोर्टवर ईजीएफआर देतात, म्हणजे किडनी किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज, त्यात वय आणि स्त्री की पुरुष हे धरलेलं असतं.

ईजीएफआर ५८ आलं आणि खाली 'सीकेडी स्टेज ३' असं छापून आलं. मला किडनीचा आजार झाला का?

सीकेडी म्हणजे किडनीचा जुनाट आजार, पण ती ओळ मशीन छापतं. ६० च्या खाली आकडा गेला की कॉम्प्युटर ती आपोआप टाकतो, त्याला तुमची एक किडनी काढलीय हे माहीत नसतं. लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) जात नाही, बीपी ठीक आहे, आकडा वर्षानुवर्षे तिथेच आहे, तर डायबेटिसने दोन्ही किडन्या खराब होत चाललेल्या माणसाच्या ५८ सारखं ते ५८ नाही. पण म्हणून तो कागद फाडून टाकू नका. हातात राखीव ताकद कमी आहे एवढं तो खरं सांगतो. दोन किडन्यांच्या माणसाला जुलाबाने किंवा तापाने धक्का बसला तर त्याच्याकडे सोसायला जागा असते, तुमच्याकडे ती कमी आहे.

किडनी देणाऱ्याची चांगली किडनी काढून घेतात का?

उलट आहे. दोन किडन्यांमध्ये फरक असेल तर चांगली देणाऱ्याकडेच ठेवतात, हा नियमच आहे. दोन्ही सारख्या असतील तर बहुतेक वेळा डावी काढतात कारण तिची शीर लांब असते आणि दुसऱ्याच्या पोटात जोडायला सोपी जाते.

मुतखड्याने किंवा पू होऊन निकामी झालेली किडनी काढली, त्यातपण असंच होतं का?

इथे गंमत अशी की उरलेल्या किडनीने काम आधीच उचललेलं असतं. खराब किडनी ऑपरेशनच्या आधी कित्येक महिने किंवा वर्षं जवळजवळ बंदच असते, डीटीपीए स्कॅनमध्ये, म्हणजे कुठली किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या तपासणीत, तिचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो, म्हणून तर ती काढायचं ठरतं. त्यामुळे ऑपरेशननंतर क्रिएटिनिन फारसं हलतही नाही. पण ज्या कारणाने एक गेली ते कारण दुसरीला लागू आहे का हे बघावंच लागतं. खडे बनायची सवय शरीराची असते, एका किडनीची नसते.

कॅन्सरसाठी काढली तर?

किडनी देणारा माणूस हा तपासून तपासून निवडलेला असतो, बीपी, शुगर, सगळं बघून. कॅन्सरच्या पेशंटचं तसं नसतं, वय जास्त, बरेचदा आधीच बीपी किंवा डायबेटिस, आणि त्यामुळे उरलेली किडनीपण थोडी थकलेली असू शकते. अशा पेशंटमध्ये पुढे किडनीचं काम घटायचं प्रमाण जास्त असतं. म्हणूनच गाठ लहान असेल, साधारण ४ सेंटीमीटरपर्यंत, तर शक्य तिथे फक्त गाठ काढून बाकीची किडनी वाचवायचा प्रयत्न करतात. ऑपरेशन ठरायच्या आधी 'अर्धी वाचेल का' असं स्पष्ट विचारा. विचारण्यात काही चूक नाही.

मुलाला जन्मापासूनच एक किडनी आहे असं सोनोग्राफीत कळलं.

साधारण हजारात एखादं मूल असं असतं, कित्येकांना मोठेपणी दुसऱ्याच कशासाठी तरी सोनोग्राफी केल्यावर कळतं. त्यांची किडनी पोटात असल्यापासूनच मोठी होत असते. मुलाचं बीपी आणि लघवी दरवर्षी बघायला लावा, बाकी त्याला खेळू द्या, शाळेत आजारी म्हणून बाजूला बसवू नका.

खरंच एका किडनीवर आयुष्य निघतं का? की डॉक्टर धीर देतात?

१८६९ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सिमॉन नावाच्या सर्जनने पहिल्यांदा ठरवून एका बाईची किडनी काढली. माणूस एका किडनीवर जगतो की नाही हे तेव्हा नक्की माहीतच नव्हतं, म्हणून त्याने आधी कुत्र्यांवर करून बघितलं होतं. ती बाई वाचली. मग १९५४ साली बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला किडनी दिली, जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट ते. रोनाल्ड त्यानंतर छप्पन वर्षं जगला, २०१० मध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन एक किडनी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना पंचेचाळीस वर्षांनी तपासलं तेव्हाही एका किडनीमुळे ते लवकर गेले असं काही दिसलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण तीपण सांगितलीच पाहिजे. गाळण्या जास्त दाबाने काम करतात आणि तो दाब वर्षानुवर्षे राहिला तर काहींच्यात त्या हळूहळू कडक होतात, लघवीत अल्ब्युमिन जायला लागतं, बीपी वाढतं. अमेरिकेत किडनीदात्यांवर झालेला मोठा अभ्यास २०१४ साली आला, त्यात आयुष्यभरात किडनी पूर्ण निकामी व्हायची शक्यता १० हजार दात्यांमागे साधारण ९० आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत १० हजारांमागे १४ अशी निघाली. म्हणजे धोका वाढतो, पण शंभरातल्या नव्याण्णव जणांना ती वेळ येत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि किडनी द्यायला निघालेल्या माणसाला दोन्ही सांगायला हवीत.

आई म्हणते मला काहीच होत नाही, मग दरवर्षी तपासणी कशाला?

आमची आई मूळची मालवणकडची. विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "माका काय एक होऊक नाय." आणि ते खरंच असतं, म्हणून तर अवघड आहे. दाढ दुखते तशी किडनी दुखत नाही. काम निम्म्याहून खाली गेलं तरी माणूस चालतो, फिरतो, भाकऱ्या थापतो. पायाला सूज, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, हे सगळं फार उशिरा येतं. एक किडनीवाल्याला 'काही झालं की जाऊ' हा हिशोब परवडत नाही, कारण काही झालेलं आधी फक्त कागदावर दिसतं.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. मग ज्याला किडनी मिळाली त्याच्या गोळ्या, त्याचं पथ्य, त्याच्या मुंबईच्या फेऱ्या, घरातलं सगळं लक्ष तिकडे, आणि जिने दिली ती सहा आठवड्यांत परत विहिरीवर. भावाची फाइल आमच्याकडे चार बोटं जाड झालीय, आईची मात्र पातळ कागदाची. माझी कळकळीची विनंती आहे, पेशंटच्या तपासणीची तारीख असेल त्याच दिवशी देणाऱ्या बाईचंही रक्त आणि लघवी द्या. तिला वेगळं जायला सांगितलं तर ती जाणार नाही. रिक्षाचे पैसे, घरातलं काम, कुठलंही कारण तिला पुरतं.

मग नक्की काय काय तपासायचं?

बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन, शुगर, वजन. बस. लघवीची जी टेस्ट आहे तिला एसीआर म्हणतात, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, ते ३० च्या आत हवं. बरेच जण फक्त क्रिएटिनिन करून जातात पण बिघाडाची पहिली खूण पुष्कळदा लघवीतच दिसते, तेव्हा ती टेस्ट मागून घ्या. बीपी १३०/८० च्या आत ठेवायचं. मच्छीमारीवाल्यांना मी सांगतो की पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात तेव्हाच वर्षाची तपासणी उरकून टाका, सीझन सुरू झाला की कोणी येत नाही.

अंग दुखलं तर कुठली गोळी घ्यायची?

पॅरासिटामॉल, सांगितलेल्या डोसमध्ये. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही मंडळी तुमच्यासाठी नाहीत. कारण समजून घ्या म्हणजे लक्षात राहील. उरलेली किडनी जास्त काम करते ती गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी मोकळी ठेवून. ती नळी मोकळी ठेवणारं द्रव्य शरीर स्वतः बनवतं आणि या गोळ्या नेमकं तेच बनायचं थांबवतात. नळी आवळते, गाळणं घटतं. पोटात पाणी कमी असेल, उलट्या-जुलाब चालू असतील, बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर फार झपाट्याने घटतं.

आणि आपल्याकडे या गोळ्या कशा मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. आंबाकाढणीच्या दिवसांत पाठ भरून आली की मेडिकलमध्ये 'दुखण्याची द्या' म्हटलं की पुडीत दोन-तीन रंगाच्या गोळ्या येतात, त्यात एक हमखास हीच असते. पुडी घेऊ नका. पाकीट घ्या, त्यावरचं नाव वाचा, नाहीतर कोणाकडून वाचून घ्या. गुडघ्याला वरून लावायचं मलम थोडं चालतं, तरी रोज सवय नको. गावठी औषधं आणि भस्मं यांच्याबद्दलही माझं मत स्पष्ट आहे, आत काय आहे ते माहीत नसलेली कुठलीही पुडी एका किडनीवर घालू नका.

पाणी किती प्यायचं? कोणी चार लिटर सांगतं.

मुद्दाम चार-पाच लिटर ढोसून किडनी धुतली जात नाही. तहानेप्रमाणे, लघवी फिकट पिवळी राहील इतकं, साधारण दोन-अडीच लिटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घामाने अंग निथळतं तेव्हा त्याहून जास्त लागेल, कलमांच्या बागेत काम असेल तर आणखी. निर्जळी उपास आणि वर उन्हातलं काम एकत्र नको. उलट्या-जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा, आणि बीपीच्या गोळ्या त्या दिवसांत घ्यायच्या की थांबवायच्या हे फोन करून विचारा, काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवतात.

मासे बंद करायचे का?

अजिबात नाही. बांगडा, सुरमई, तिसऱ्या, नेहमीच्या प्रमाणात सगळं खा. किडनीचं काम चांगलं असताना प्रोटीन तोडायची गरज नसते, फक्त अति नको, जिमवाल्या पोरांनी प्रोटीन पावडरचे डबे विसरावेत.

खरी अडचण मिठाची आहे. मीठ बीपी वाढवतं आणि एकट्या किडनीला बीपीच सगळ्यात जास्त मारतं. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा, सगळं धरून. आता आपलं पावसाळ्यातलं ताट बघा, सुका बांगडा, सुकट, आंब्याचं लोणचं, पापड, पेजेत वरून मीठ. कोकमाचं आगळ तर मीठ घालूनच टिकवलेलं असतं, त्यामुळे सोलकढी करताना वरून मीठ घालूच नका, आणि जमलं तर आगळाऐवजी सुकी आमसुलं भिजवून करा. सुकं मासळी भिजवून, पाणी टाकून, कधीतरी एकदा चालेल. रोजची सवय मोडायची.

शहाळं, आंबा, केळी?

पोटॅशियम नॉर्मल असेल तर बिनधास्त. ते वाढलेलं असेल किंवा ईजीएफआर बरंच खाली असेल तेव्हाच बंधन येतं, आणि ते डॉक्टर सांगतात.

बिलिंबीचा रस कोलेस्टेरॉलला चांगला म्हणून सांगतात, घेऊ का?

नको! आमटीत दोन फोडी पडल्या तर काही बिघडत नाही, पण रस काढून पेलाभर पिणं धोकादायक आहे. बिलिंबीत ऑक्झॅलेट प्रचंड असतं, त्याचे खडे किडनीच्या नळ्यांत जाऊन बसतात. दोन्ही किडन्या धड असलेल्या लोकांवर केरळमध्ये बिलिंबीच्या रसाने डायलिसिसची वेळ आलेली आहे. स्टारफ्रूट, तेच पाच कोनांचं, त्याच्या रसाचंही तसंच. परड्यात झाड आहे आणि फुकट आहे म्हणून औषध होत नाही.

भातलावणीला उतरलं तर चालेल का?

ऑपरेशनचे टाके पूर्ण भरले असतील, डॉक्टरने जड कामाला परवानगी दिली असेल, तर काम करायला हरकत नाही. प्रश्न लेप्टोचा आहे. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, चिरांतून अंगात शिरतात, आणि हा आजार सरळ किडनी आणि लिव्हरवर जातो. कोकणात दर पावसाळ्यात याचे पेशंट असतात. दोन किडन्यांच्या माणसाला यातून डायलिसिस लागतं, तर एकवाल्याने किती जपावं.

शक्य असेल तर यंदा लावणी दुसऱ्या कोणी करू दे. उतरायचंच असेल तर गमबूट घाला, पायाला जखम असेल तर अजिबात उतरू नका, आणि आरोग्य केंद्रातून आशाताई डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात त्या आठवड्याला सांगतील तशा घ्या. घेऊन डब्यात ठेवू नका. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात. तिथे पहिलं वाक्य 'मला एकच किडनी आहे' आणि दुसरं 'मी चिखलात काम केलंय'. आणि एक फार महत्त्वाचं, लेप्टोमध्ये किडनी बिघडत असतानाही लघवी पुष्कळदा व्यवस्थित होत राहते, म्हणून लघवी होतेय म्हणजे सगळं ठीक असं समजून घरी बसू नका. क्रिएटिनिन करून घ्या.

आणि साप?

घोणस चावली तर किडनीला मोठा धोका असतो. कोणाला चावली काय आणि एका किडनीवाल्याला चावली काय, उपाय एकच, मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता जिथे प्रतिविष आहे त्या दवाखान्यात. लघवी कमी झाली किंवा लालसर-काळपट झाली तर लगेच सांगायचं.

एकाच किडनीत खडा झाला तर?

छोटा असेल आणि जागेवर पडून असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात. पण तो खाली सरकून नळीत अडकला तर दोन किडन्यांच्या माणसाला दुखतं आणि दुसरी किडनी काम सांभाळते, तुमची मात्र लघवीच बंद होते. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, दुखत असो की नसो, रात्र असो की दिवस, निघायचं. सोबत थंडी वाजून ताप असेल तर ती जिवावरची गोष्ट आहे. अशा वेळी आधी आत डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, टाकून वाट मोकळी करतात. तो स्टेंट नंतर काढायचा असतो! बरं वाटलं म्हणून माणसं तो काढायला जातच नाहीत आणि त्यावरच खडे चढतात. टाकला त्या दिवशीच काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा.

मुलीने वडिलांना किडनी दिली, तिला पुढे मूल होईल ना?

होईल. किडनी दिल्यावर काही महिने थांबायला सांगतात, साधारण सहा महिने ते वर्ष. कॅनडातल्या २०१५ च्या अभ्यासात किडनी दिलेल्या बायकांत गरोदरपणात बीपी वाढायचं प्रमाण शंभरात ११ होतं, न दिलेल्यांत ५. बहुतेक सगळ्यांची बाळं व्यवस्थित झाली. तेव्हा पहिल्याच तपासणीला डॉक्टरीणबाईंना सांगायचं आणि बीपी जास्त वेळा बघायचं. लग्न ठरताना लपवू नका, आणि समोरच्यांनीही त्यावरून मुलीला कमी लेखू नये, तिने बापाचा जीव वाचवलाय.

कबड्डी, बोटीवरचं काम, माडावर चढणं?

सहाएक आठवडे जड उचलायचं नाही. नंतर बोटीवरचं काम, पोहणं, चालणं, सगळं चालतं. कबड्डीबद्दल डॉक्टरांमध्येही वेगवेगळं मत असतं, जोरात कोपर-गुडघा लागायची भीती असते, तुमच्या डॉक्टरला विचारून ठरवा. माडावर चढू नका असं माझं म्हणणं आहे. उंचावरून पडून किडनीला मार लागला तर दुसरी नाहीये. टू-व्हीलर हळू चालवा, घाटात तर जास्तच.

दारू, तंबाखू?

तंबाखू, मिश्री, विडी बंद. किडनीच्या रक्तवाहिन्यांना ती बाधते. दारू न घेतलेली बरी.

सीटी स्कॅनला डाय टाकणार आहेत, चालेल?

डाय म्हणजे स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध. गरज असेल तर करतात, पण आधी ताजं क्रिएटिनिन बघून आणि पाण्याचं प्रमाण नीट ठेवून. तुम्ही फक्त आठवणीने सांगा. जेंटामायसिन, ॲमिकासिन अशी किडनीला बाधू शकणारी इंजेक्शनं देतानाही डॉक्टरला हे माहीत असावं लागतं. पाकिटात एक साधी चिठ्ठी ठेवा, 'एकच किडनी, उजवी, ऑपरेशन अमुक साली, क्रिएटिनिन इतकं'. ॲक्सिडेंटमध्ये बेशुद्ध असाल तर तुमच्या वतीने तीच बोलेल.

२०२१ च्या पुरात चिपळूणला घरात पाणी आलं, सगळी फाइल गेली. आता काय?

२२ जुलैच्या त्या पुरात कित्येकांच्या फायली गेल्या, तुम्ही एकटे नाही. ऑपरेशन जिथे झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात नाव, साधारण तारीख आणि ओळखपत्र घेऊन अर्ज द्या, डिस्चार्ज समरीची कॉपी बरेचदा मिळते. नाही मिळाली तरी अडत नाही. सोनोग्राफीत कुठली किडनी आहे, किती सेंटीमीटर आहे ते दिसतं, त्याच दिवशी क्रिएटिनिन, एसीआर आणि बीपी करून घ्या, आणि तो तुमचा आजपासूनचा पहिला कागद धरा. प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून मुंबईतल्या मुलाला किंवा भावाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, म्हणजे एक प्रत घाटाच्या पलीकडे राहील.